महाखंडाला मिळालेले गोंडांचे नाव

पृथ्वीच्या पाठीवरील जमीन एकेकाळी मोजक्या, अतिविशाल तुकड्यांत एकवटलेली होती आणि आजची खंडे ही त्या तुकड्यांची शकले आहेत, हा विचार आता शाळेच्या पुस्तकातही आढळतो. अशा एकत्रित भूभागाला महाखंड म्हणतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबस्तान, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ज्या महाखंडातून वेगळे झाले, त्याला जगभरच्या भूवैज्ञानिकांनी गोंडवाना हे नाव मान्य केले आहे. त्याची जुळणी सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी झाली आणि सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी ते फुटू लागले. इतक्या दूरच्या काळाला लावलेले हे नाव मात्र फार दूरचे नाही. सातपुड्यापासून गोदावरीपर्यंतच्या ज्या मुलखाला ते मुळात होते, त्याच मुलखात आजचा वर्धा जिल्हा मोडतो.

या क्षेत्रातील इतर नावांशी तुलना केली म्हणजे त्याचे वेगळेपण चटकन लक्षात येते. सर्व जमीन जेव्हा एकत्र होती त्या महाखंडाला पँजिया म्हणतात. हे नाव 'सर्व' आणि 'भूमी' या अर्थांच्या ग्रीक शब्दांचा जोड आहे. उत्तरेकडील लॉरेशिया हे कॅनडातील प्राचीन खडकांचे लॉरेन्शिया हे नाव आणि युरेशिया यांच्या सांध्यातून तयार झाले. लॉरेशिया आणि गोंडवाना यांच्यामधल्या लुप्त समुद्राला टेथिस या ग्रीक सागरदेवतेचे नाव मिळाले. ही सर्व नावे विद्वानांच्या टेबलावर, कोश समोर ठेवून घडली. गोंडवाना हे नाव मात्र आजही हयात असलेल्या, स्वतःची भाषा बोलणाऱ्या आणि स्वतःचे देव पुजणाऱ्या एका मानवसमूहाचे आहे. त्यामुळे त्याचा अर्थ ग्रीक कोशात शोधून चालत नाही. लोक, मुलूख, दगड आणि खंड अशा चार पायऱ्या उतरून तो शोधावा लागतो.

पहिली पायरी 'गोंड' या शब्दाची. गोंड लोक स्वतःला मुळात गोंड म्हणत नाहीत, ही यातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्यांच्या भाषेत ते कोया किंवा कोईतूर आहेत आणि 'कोईतूर' या शब्दाचा अर्थ साधारणपणे 'माणूस', 'आपली माणसे' असा होतो. गोंडी भाषा द्राविड कुळातील असून तेलुगू, कन्नड आणि तमिळ यांच्याशी तिचे नाते आहे. मराठी आणि हिंदी यांच्या मधोमध ती शतकानुशतके नांदत आली, तरी तिचे व्याकरण आणि मूळ शब्दसंपदा वेगळी राहिली. देवाला ती 'पेन' म्हणते आणि चार, पाच, सहा किंवा सात पेनांना मानणाऱ्या गटांनुसार समाजाची कुळे ठरतात, ज्यांच्यामध्ये सोयरिकीचे नियम काटेकोर आहेत. अशा समाजाला 'गोंड' हे नाव शेजाऱ्यांनी दिले असावे. ते कोठून आले याविषयी एकोणिसाव्या शतकापासून मतभेद आहेत. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते तेलुगूतील 'कोंड', म्हणजे डोंगर, या शब्दाशी जोडले आणि ओडिशातील खोंड या जमातीच्या नावाचे मूळही तेच मानले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ते 'गौड' या प्रदेशनामापर्यंत नेले. डोंगराळ भागात राहणाऱ्यांना सपाटीवरील लोकांनी 'डोंगरातले' म्हणावे यात अस्वाभाविक काही नाही, आणि तेलुगूभाषक शेजार तर गोंडांना शतकानुशतकांचा आहे, म्हणून हिस्लॉप यांची उपपत्ती दोहोंत अधिक पटण्यासारखी आहे.

दुसरी पायरी शब्दाच्या उत्तरार्धाची. गोंडवाना म्हणजे 'गोंडांचे वन', ही फोड बहुतेक पुस्तकांत दिलेली आढळते आणि 'गोंडवन' हे संस्कृत वळणाचे रूप त्यासाठी पुढे केले जाते. ही फोड कानाला पटते, कारण हा प्रदेश खरोखरच सागाच्या, मोहाच्या आणि तेंदूच्या जंगलांचा आहे. परंतु 'वन' या शब्दातील ऱ्हस्व स्वर आणि 'वाना' यातील दीर्घ स्वर यांचा मेळ घालताना थोडी ओढाताण करावी लागते. उलट राजपुतांचा मुलूख तो राजपुताना, या धर्तीवर लोकांच्या नावावरून मुलखाचे नाव बनवण्याची रीत उत्तर हिंदुस्थानात सर्रास होती. अकबराचा इतिहासकार अबुल फजल यानेही अकबरनाम्यात हा शब्द वापरताना त्याचा अर्थ गोंड जमातीच्या वस्तीचा मुलूख असाच दिला आहे. तेथे जंगलाचा अर्थ त्याने काढलेला नाही. त्यामुळे 'गोंडवाना'चा साधा अर्थ 'गोंडांचा देश' असा घेणे अधिक सयुक्तिक ठरते. 'गोंडांचे वन' हा अर्थ नंतर संस्कृतच्या आधाराने त्यावर चढलेला असण्याचा संभव आहे, आणि चढला तो इतका चपखल की पुढे भूशास्त्राच्या ग्रंथांनी तोच उचलला.

अबुल फजलला या मुलखाची दखल घ्यावी लागली ती गढा-कटंग्याच्या राज्यामुळे, ज्याची राणी दुर्गावती १५६४ साली मोगल सरदार आसफखान याच्याशी लढताना पडली. परंतु गोंडांची राज्ये एक नव्हती. जबलपूरकडे गढा-मंडला, बैतुलकडे खेरला, छिंदवाड्याच्या डोंगरात देवगड आणि वर्धा-इरई नद्यांच्या खोऱ्यात चांदा, अशी ती निरनिराळ्या काळी नांदली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कोटाच्या दरवाजांवर हत्तीला पायाखाली दाबणाऱ्या सिंहाचे शिल्प आजही दिसते. ते गोंड राजांचे चिन्ह होय. देवगडचा राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. वर्धा जिल्ह्याचा आजचा प्रदेश या देवगडच्या सत्तेच्या कक्षेत होता, तर दक्षिणेकडे चांद्याची हद्द सुरू होत होती. पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी दोन्ही राज्ये गिळली. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा होऊन वर्धा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा गोंड राजे नामधारी उरले होते, पण नकाशांवर आणि सरकारी कागदांत गोंडवाना हे प्रदेशनाम टिकून होते. त्याच नकाशांनी ते भूवैज्ञानिकांच्या हाती दिले.

तेथवर पोहोचण्याआधी स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण गोंड माणूस आणि गोंडवाना खडक या दोहोंचा अभ्यास ज्या एका व्यक्तीच्या ठायी एकत्र आला ती व्यक्ती ते होते. १८१७ साली जन्मलेले हिस्लॉप १८४०च्या दशकात नागपूरला आले, शाळा चालवू लागले आणि फावल्या वेळात दगड फोडू लागले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक तपासले आणि १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कामठी, सिलेवाडा, बोखारा अशा ठिकाणच्या वालुकाश्मांत त्यांना वनस्पतींचे जीवाश्म सापडले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथे मिळालेली एका बेडूकवर्गीय प्राचीन प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांनी अभ्यासून तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले, तर तेथीलच एका चिमुकल्या शिंपीसारख्या जलचराला गावावरून 'मंगलिएन्सिस' असे जातिनाम मिळाले. विदर्भातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने जीवाश्मशास्त्राच्या लॅटिन यादीत जाऊन बसले.

याच काळात हिस्लॉप गोंडांच्या वस्त्यांवर जाऊन शब्द गोळा करीत होते. गोंडांचे कुलवृत्तांत आणि देवकथा गाऊन जतन करणारा परधान समाज त्यांना भेटला आणि एका परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोची कथा उतरवून घेतली. लिंगो, ज्यांना पहांदी पारी कुपार लिंगो असे आदराने म्हटले जाते, हे गोंडांना समाजरचना आणि धर्म देणारे पूर्वज होत. डोंगराच्या गुहेत कोंडलेल्या गोंडांना त्यांनी बाहेर काढले, अशी श्रद्धा आहे आणि गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेशी ती जोडलेली असल्याने माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरचे गोंड जमतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाट येथील दगडी वर्तुळे, म्हणजे लोहयुगातील शिळांनी वेढलेल्या दफनभूमी, पाहून परतत होते. नागपूर-वर्धा मार्गावरील बोरीच्या परिसरात पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली आणि गोंडी लिंगोकथा प्रथमच छापील स्वरूपात जगापुढे आली. हिस्लॉप आणखी दहा वर्षे जगते, तर आपण फोडलेल्या दगडांना आणि आपण टिपून घेतलेल्या लोकांना एकच नाव मिळालेले त्यांनी पाहिले असते.

ते नाव दगडांना कसे मिळाले, ही तिसरी पायरी कोळशाच्या शोधातून आली. १८५१ पासून टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे काम सुरू झाले. रेल्वेला कोळसा हवा होता आणि तो कोठे, किती खोल आहे हे सांगणे हे या संस्थेचे पहिले काम होते. बंगालमधील दामोदर खोरे, ओडिशातील तालचेर, नर्मदेचे खोरे, सातपुडा, आणि वर्धा-गोदावरी खोरे अशा एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भागांत कोळसा सापडला, तेव्हा त्या सर्व ठिकाणी खालून वर खडकांचा क्रम जवळजवळ सारखाच असल्याचे ध्यानात आले. या सर्व थरांना एकत्रितपणे काय म्हणावे, असा प्रश्न उभा राहिला. युरोपात खडकांच्या वयाची नावे प्रामुख्याने सागरी जीवाश्मांवरून ठरली होती. भारतातील हे खडक मात्र नद्या, सरोवरे आणि दलदली यांत साचलेल्या गोड्या पाण्याच्या गाळाचे होते आणि त्यांतील वनस्पती युरोपच्या कोळशातील वनस्पतींशी जुळत नव्हत्या. त्यांचे वय कोणते याविषयी तज्ज्ञांमध्ये कडाक्याचा वाद होता. अशा वेळी वयाविषयी काहीही न सांगणारे, केवळ प्रदेश दाखवणारे नाव घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. सातपुड्याच्या कोळसाक्षेत्रात काम केलेल्या हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांनी १८७२ साली एका अप्रकाशित अहवालात या थरांसाठी 'गोंडवाना' हे नाव योजले, आणि १८७६ साली बोहेमियातून आलेले वनस्पतिजीवाश्मतज्ज्ञ ओटोकार फाइस्टमँटेल यांनी संस्थेच्या प्रकाशनात ते प्रथम छापले. मेडलिकॉट आणि विल्यम ब्लॅनफर्ड यांनी लिहिलेल्या, १८७९ साली निघालेल्या भारतीय भूशास्त्राच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाने ते कायमचे रूढ केले.

या थरांचा क्रम वर्धा खोऱ्यात जितका स्वच्छ वाचता येतो तितका फार थोड्या ठिकाणी येतो. सर्वांत तळाशी तालचेर थर असतात. त्यांत हिरवट, बारीक गाळात माणसाच्या उंचीचेही धोंडे रुतलेले आढळतात. इतका मोठा धोंडा वाहून नेणाऱ्या पाण्याने बारीक गाळ तेथे ठेवलाच नसता, आणि बारीक गाळ बसू देणाऱ्या संथ पाण्याला धोंडा हलवता आला नसता. म्हणून १८५६ साली ओडिशात काम करणाऱ्या ब्लॅनफर्ड बंधूंनी आणि विल्यम थिओबाल्ड यांनी हे काम बर्फाचे असावे असा तर्क केला. उष्ण कटिबंधातील हिंदुस्थानात हिमनद्या होत्या, ही कल्पना त्या काळी सहज पचणारी नव्हती. तिला भक्कम पुरावा मिळाला तो चंद्रपूरजवळ. फ्रान्सिस फेडन यांनी पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ अतिप्राचीन चुनखडकाचा उघडा पृष्ठभाग पाहिला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर चरा उमटलेल्या होत्या. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालच्या खडकावर कानशीसारखे चालतात आणि अशाच चरा पाडतात. १८७५ साली फेडन यांचे टिपण प्रसिद्ध झाले. ज्या भागात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता, हे त्या खडकाने दाखवून दिले.

तालचेर थरांच्या वर बराकार थर येतात आणि दगडी कोळसा यांतच आहे. बर्फ वितळल्यानंतर खचत गेलेल्या लांबट दऱ्यांत दलदली पसरल्या, त्यांत वाढलेली झाडे पडून गाडली गेली आणि दाबाखाली त्यांचा कोळसा झाला. त्याच्या वर कामठी थर, ज्यांना नागपूरजवळच्या कामठीचे नाव आहे, लालसर आणि पिवळट वालुकाश्मांचे असतात. या थरांतील शेलचा, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणाऱ्या मऊ गाळखडकाचा, तुकडा सुरीने उलगडला तर त्यात अनेकदा पान मिळते. हे पान जिभेसारखे लांबट असते, टोकाला बोथट होते आणि मुळाशी निमुळते होत जाते. मधून ठळक शीर जाते आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे निघालेल्या बारीक शिरा एकमेकींना मिळून जाळी विणतात. खडक फिकट असेल तर पान तपकिरी छटेत आणि कोळशाजवळचा असेल तर काळ्या चकाकीत दिसते. पुष्कळदा एकावर एक अनेक पाने पसरलेली मिळतात, जणू पानगळीनंतर जमिनीवर साचलेला थरच दगडात कायम झाला आहे. अडॉल्फ ब्रॉन्यार यांनी १८२८ साली याला ग्लॉसॉप्टेरिस, म्हणजे 'जिव्हापर्णी नेचा', असे नाव दिले. ते नेचे नव्हते, बियांची झाडे होती, हे बऱ्याच उशिरा सिद्ध झाले. नाव चुकीचे ठरले तरी पान मात्र साऱ्या प्रश्नाची किल्ली ठरले.

वर्धा जिल्ह्यात फिरणाऱ्याला हे खडक सहसा दिसत नाहीत, आणि ते का दिसत नाहीत हेही या कथेचाच भाग आहे. महाखंड फुटून भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत असताना, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरला. आर्वी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट येथील कपाशीची काळी जमीन त्याच लाव्ह्याच्या बेसाल्टची झीज होऊन बनली. चंद्रपूरकडून येणारे गोंडवाना थर या काळ्या पाषाणाच्या खाली शिरतात. त्यामुळे वर्धा जिल्हा या नावाच्या मुलखात आहे आणि त्याच नावाच्या खडकांच्या वरही आहे, पण दोहोंच्या मध्ये लाव्ह्याचे पांघरूण आहे. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. तिच्यावर गोल, गुळगुळीत गोटे विखुरलेले सापडतात आणि एका व्यापाऱ्याचा नारळ-सुपारीचा माल बाबांच्या शापाने दगड झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते. हे गोटे बेसाल्टमधील वायूच्या पोकळ्यांत नंतर स्फटिक भरून तयार झालेल्या झिओलाइट नावाच्या खनिजांचे आहेत, म्हणजे ते फळांचे जीवाश्म नाहीत. तरीही वनस्पतीचा दगड होऊ शकतो, ही कल्पना लोकमानसाला परकी नव्हती, हे त्यातून कळते. आणि खऱ्याखुऱ्या दगड झालेल्या पानांचे थर त्या टेकडीपासून दक्षिणेला फार दूर नाहीत.

वर्धा शहरालाही या खडकांनी स्पर्श केला तो रेल्वेच्या वाटेने. १८७०च्या दशकात वरोरा येथील कोळशाच्या खाणीसाठी वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे फाटा काढण्यात आला आणि गोंडवाना थरांतील कोळसा मुंबई-नागपूर मार्गाला मिळाला. 'वर्धा खोरे कोळसाक्षेत्र' हे नाव आजही याच पट्ट्याला आहे.

चौथी पायरी खंडाची. १८६०च्या दशकात मादागास्कर आणि भारत येथील प्राण्यांमधील साम्य पाहून इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी हिंदी महासागरात बुडालेल्या एका भूमीची कल्पना मांडली आणि लेमूर या प्राण्यावरून तिला लेमुरिया म्हटले. हे नाव विज्ञानात टिकले नाही. व्हिएन्नाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी मात्र वनस्पतींकडे पाहिले. भारतातील गोंडवाना थरांतले ग्लॉसॉप्टेरिसचे पान दक्षिण आफ्रिकेतही मिळत होते. बी इतका मोठा समुद्र ओलांडून जाईल हे संभवत नव्हते. 'पृथ्वीचे मुखमंडल' या अर्थाचे शीर्षक असलेल्या आपल्या बहुखंडी ग्रंथात १८८५ साली स्यूस यांनी भारत, मादागास्कर आणि आफ्रिका मिळून झालेल्या प्राचीन भूमीला 'गोंडवाना-लँड' असे म्हटले. नंतर त्यात दक्षिण अमेरिका आली, पुढे ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाही आली. स्यूस यांच्या मते पृथ्वी थंड होताना सुकत्या फळासारखी आक्रसत होती आणि मधली जमीन खचून समुद्रात बुडाली होती. हे स्पष्टीकरण पुढे टाकून द्यावे लागले. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९१२ साली खंडे स्वतःच सरकली असे मांडले आणि १९१५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर दु ट्वा यांनी १९३७ साली दक्षिणेकडील खडकांचा बारकाईने मेळ घालून या कल्पनेला बळ दिले. बुडालेल्या जमिनीसाठी दिलेले नाव अशा तऱ्हेने फुटून पांगलेल्या जमिनीचे झाले. उपपत्ती बदलली, पण थरांवरून घेतलेले नाव तसेच राहिले, कारण ते उपपत्तीवर नव्हे, खडकावर बेतलेले होते.

'गोंडवाना-लँड' या रूपावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. 'गोंडवाना' म्हणजेच गोंडांचा मुलूख, त्याला आणखी 'लँड' जोडणे म्हणजे देशाला पुन्हा देश म्हणणे होय. म्हणून बरेच लेखक नुसते 'गोंडवाना' लिहितात. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की मध्य भारतातील खरा गोंडवाना, त्याच नावाचे खडक आणि लुप्त महाखंड ही तीन वेगळी वास्तवे असल्याने महाखंडासाठी 'लँड' ठेवल्यास घोटाळा टळतो. मराठीत 'गोंडवाना भूमी' किंवा 'गोंडवनभूमी' अशी रूपे वापरात आहेत आणि त्यांनाही तोच आक्षेप लागू पडतो. व्याकरणाच्या काटेकोरपणापेक्षा येथे अर्थाची स्पष्टता महत्त्वाची मानावी. मात्र ज्याला केवळ 'गोंडवाना' म्हणायचे आहे त्याने संदर्भाने तरी खडक, मुलूख की खंड हे सांगणे अगत्याचे आहे.

अस्पष्टतेतून निघालेला एक मोठा गैरसमज असा की गोंड लोक त्या महाखंडावर राहत होते आणि त्यांच्यामुळे त्याला हे नाव पडले. आधुनिक मानवाचा इतिहास सुमारे तीन लाख वर्षांचा आहे. महाखंड फुटू लागले तेव्हा माणूस तर नव्हताच, पण फुले येणाऱ्या वनस्पतीही सर्वत्र पसरलेल्या नव्हत्या. काळाच्या दृष्टीने गोंड आणि तो महाखंड यांची भेट झालेलीच नाही. नाव लोकांकडून मुलखाकडे, मुलखाकडून खडकाकडे आणि खडकाकडून खंडाकडे असे मागे मागे सरकत गेले. हे समजून घेतल्याने गोंडांच्या अभिमानाला बाधा येत नाही. ज्या लोकांची राज्ये बुडाली, ज्यांच्या गडकिल्ल्यांवर दुसऱ्यांच्या पागा बांधल्या गेल्या आणि ज्यांच्या भाषेला आजही शाळेत पुरेसे स्थान नाही, त्यांचे नाव पृथ्वीच्या एवढ्या मोठ्या भागाला लागले आहे. २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या विद्यापीठाने गोंडवाना हेच नाव घेतले. या नव्या वापरात जो अर्थ प्रथम उमटतो तो मुलखाचा आणि माणसांचा आहे, खंडाचा नाही.

खंडाच्या अर्थाला पुष्टी देणारा एक प्रसंग मात्र सांगायला हवा. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश ध्रुवसंशोधक कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार बीअर्डमोर हिमनदीजवळ थांबले आणि भूक व थंडीने खंगलेल्या अवस्थेतही त्यांनी सुमारे १६ किलो दगड गोळा करून बरोबर घेतले. ते सर्व वाटेत मृत्यू पावले. दगड मात्र त्यांच्या तंबूजवळ सापडले. केंब्रिजचे वनस्पतिजीवाश्मतज्ज्ञ ए. सी. सीवर्ड यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने निघाली. जिभेसारखा आकार, मधली ठळक शीर आणि कडेपर्यंत गेलेली जाळी, हे सारे सिलेवाड्याच्या वालुकाश्मात हिस्लॉप यांना मिळालेल्या पानांच्या जातकुळीचेच होते. ज्या खंडावर एकही झाड नाही, त्या अंटार्क्टिकाच्या खडकांनाही तेव्हापासून गोंडांच्या मुलखाचे नाव लागू झाले.